डावी खुर्ची आणि सर्दीची गोळी

आमच्या घरात औषधांचे दोन डबे आहेत. एक माझा आणि बायकोचा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात काय नाही ते विचारा. डोकेदुखीची गोळी, पित्ताची गोळी, खोकल्याची बाटली, बाम, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, बायकोच्या गुडघ्याचं तेल. दुसरा डबा मुलीचा. तो प्लास्टिकचा आहे आणि जवळजवळ रिकामाच असतो. मुलगी विमान चालवते. तिच्या डब्यातलं आमच्या डब्यात आलेलं चालतं. आमच्या डब्यातलं तिच्या डब्यात गेलं की घरात भांडण.

लोकांना वाटतं, पायलटनं दारू पिऊन बसू नये एवढाच काय तो नियम. तेवढाच असता तर आमच्या घरात काही अडचण नव्हती. पण ड्युटीच्या आधी त्यांना एका यंत्रात फुंकावं लागतं आणि आकडा शून्यच यावा लागतो. त्यामुळं खोकल्याचं पातळ औषध बंद. चूळ भरायचं ते निळं पाणी बंद. होमिओपॅथी बंद, कारण त्या गोळ्या स्पिरिटात भिजवलेल्या असतात. बायकोनं तिला लहानपणापासून सगळ्या दुखण्यावर त्याच गोड गोळ्या दिल्या होत्या. नोकरी लागल्यावर मुलीनं पहिल्यांदा तिचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "आई, यात अल्कोहोल असतं गं."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला दारू पाजली म्हण की!" बायको म्हणाली, आणि दोन दिवस रुसून बसली.

मला ही नाटकं पटत नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बेळगावकडून पोटासाठी बंगळूरला आलो, महादेवपुऱ्यात पत्र्याच्या कारखान्यात लागलो, पुढं कारखाना होसकोट्याला गेला तर त्याच्यामागं मीही बसनं जाऊ लागलो. आजारी पडलो म्हणून रजा टाकली, असं माझ्याकडून कधी झालं नाही. अंग दुखलं की गोळी, नाक वाहिलं की गोळी, वर एक चहा, आणि मशीनवर उभा. हे मी मुलीला तिच्या लहानपणापासून ऐकवत आलो आणि अजून ऐकवतो.

मी प्रेसवर होतो. वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. मध्ये बोट सापडलं तर बोटालाही देतो. म्हणून त्या मशीनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही तळवे दोन्ही बटणांवर एकदम पडले तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत याची खात्री. काम भराभर उरकावं म्हणून काही जण एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवायचे आणि एका हातानं चालवायचे. माझ्या खात्यात मी ते चालू दिलं नाही. माझी दहाही बोटं जागेवर आहेत. त्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं हे सांगितलं तर कुणी त्याला बढाई म्हणू नये.

तर मुलगी. विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डावीकडं कॅप्टन बसतो आणि उजवीकडं त्याचा जोडीदार. मुलगी बरीच वर्षं उजवीकडं बसली. बायको तिच्या तिकिटावर तिरुपतीला जाऊन आली, गोव्याला जाऊन आली. मला मुलगी दरवेळी म्हणायची, "अण्णा, एकदा तरी बसा की." मी म्हणायचो, "तू डावीकडं बसलीस की बसेन."

"उजवीकडच्यालाही विमान चालवता येतं, अण्णा."

"येऊ दे. मी डावीकडचीच्या विमानात बसणार."

बायको म्हणायची, हा काय हट्ट. हट्ट तर हट्ट. पण मुलीनं ते मनात धरून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. या वर्षी तिच्या खांद्यावर एक पट्टी वाढली, ती कॅप्टन झाली. थोड्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावानं बेळगावला बांधलेल्या घराची वास्तुशांत ठरली, आणि नेमकं वास्तुशांतीच्या आदल्या सकाळचं बेळगावचं विमान मुलीच्या वाट्याला आलं. ती ड्युटीवरून घरी आली आणि बूटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, डावी खुर्ची. बेळगाव. येताय ना?"

मी म्हटलं, "सरी."

बंगळुरात राहून 'ठीक आहे'साठी हा एक कानडी शब्द माझ्या तोंडात कायमचा बसलाय. रिक्षाचं भाडं ठरलं की सरी, भांडण मिटलं की सरी. त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा जास्त काही बोलता आलं नाही. ती आत गेली आणि मग मी बोलत सुटलो. व्हाइटफील्डच्या आमच्या इमारतीत सकाळी बागेत फिरणारे म्हातारे आहेत, कुणी तेलुगू, कुणी तमिळ, कुणी बिहारी, त्या सगळ्यांना सांगितलं. खालच्या वॉचमनला, न्हाव्याला सांगितलं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, मी टेम्पो करून सगळ्यांना विमानतळावर आणतो. बघू दे की लोकांनी आमची लेक."

जायचं तोंडावर आलं आणि मुलगी शिंकली.

पहिल्या शिंकेला कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत नाक बंद, डोळे लाल, आवाज घोगरा. मी पायांत चपला अडकवल्या आणि खालच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याला सर्दी म्हटलं की तो नाव विचारत नाही की गाव, पट्टीतून कात्रीनं दोन गोळ्या कापून पुढं सरकवतो. म्हणाला, "स्वल्प झोप येईल हं, अण्णा." मी म्हटलं, "मला कधी आली नाही."

घरी येऊन एक गोळी आणि पाण्याचा पेला मुलीच्या पुढं ठेवला. तिनं कापलेला तुकडा उचलून उलटसुलट पाहिला.

"यावर नाव कुठं आहे?"

"नाव दुसऱ्या तुकड्यावर राहिलं असेल. सर्दीची आहे. मी जन्मभर हीच खाल्ली."

"अण्णा, या एका गोळीत तीन औषधं असतात. एक तापाचं, एक नाक मोकळं करायचं आणि एक झोप आणणारं. हे घेतलं की मला विमानात बसता येत नाही."

"मग घेऊ नकोस. तशीच जा."

"तसंही जाता येत नाही. नाक बंद असलं की कानातली हवा कोंडते. वर जाताना चालून जातं, खाली उतरताना कान फाटायची वेळ येते. नेमकं उतरतानाच दुखायला लागलं तर मी रेडिओ काय ऐकू आणि विमान काय सांभाळू?"

"म्हणजे गोळी घेतली तर जाता येत नाही, आणि नाही घेतली तरी जाता येत नाही."

"हो."

"असली कसली नोकरी!"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तिला बरं नाही. गप्प बसा."

मी गप्प बसलो नाही. म्हटलं, भावानं टेम्पो ठरवलाय. म्हटलं, इतकी वर्षं वाट पाहिली, आता एका सर्दीनं बसतेस घरी? आमच्या वेळी असल्या सर्दीला कुणी सर्दी म्हणत नव्हतं. माणूस कामावर जायचा.

मुलगी नाक पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि तुम्ही त्या माणसाला घरी का पाठवलं होतंत?"

"कुठल्या?"

"खोकल्याचं औषध पिऊन आला होता आणि मशीनवर जांभया देत होता, तो. तुम्ही त्याच्या मशीनचा खटका खाली ओढलात. तो पाया पडत होता, दिवसाचा पगार जाईल म्हणून. तुम्ही म्हणालात, पगार उद्या मिळेल, बोट उद्या मिळणार नाही. हे मी जेवताना किती वेळा ऐकलंय सांगू?"

खरं आहे, ही गोष्ट मी सांगतो. चांगली गोष्ट आहे. पण ती माझ्यावरच उलटेल असं मला वाटलं नव्हतं.

"ते प्रेस होतं," मी म्हटलं.

"माझ्या मागं माणसं बसलेली असतात, अण्णा."

तिनं फोन उचलला आणि ऑफिसला कळवलं, आजारी आहे, बेळगावच्या विमानावर दुसऱ्या कुणाला तरी घाला. इंग्रजीत बोलली, पण तेवढं मला समजतं. फोन ठेवून ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बायको आत जाऊन आली आणि म्हणाली, "रडतेय." मला म्हणाली, "तुम्हाला एकट्यालाच वाईट वाटतंय असं समजू नका."

मी म्हटलं, मग मीही जात नाही. बायको म्हणाली, "सख्ख्या भावाची वास्तुशांत आहे. तिकीट काढलंय. मी जाणार. तुम्ही बसा इथं." तेव्हा जाणं भाग पडलं.

निघायच्या सकाळी माझ्याही घशात खवखवू लागलं होतं आणि नाक गळत होतं. एका घरात राहून दुसरं काय होणार. मुलगी शाल गुंडाळून दारापर्यंत आली. म्हणाली, "तुम्हालाही लागलेली दिसतेय. बसनं जाता का? नाहीतर निदान उतरताना झोपू नका, आवंढा गिळत राहा. आणि ती गोळी खाऊ नका, झोप लागेल."

एवढं तिनं सांगायला नको होतं. म्हणजे सांगितलं ते बरोबरच, पण मला कुणी असं सांगितलं की माझं उलटं सुरू होतं. मी म्हटलं, "झोप येते म्हणतेस ना? बघ, मी गोळी खाऊन जागा राहून दाखवतो. आई साक्षीला आहेच." आणि विमानतळावर पोचल्यावर बायकोच्या डोळ्यांदेखत ती गोळी गिळली.

विमानात खिडकीची जागा बायकोनं मला दिली. पट्टा लावला. बाहेर एक माणूस कानांवर डबडी लावून हात हलवत होता, तो मला आठवतो. एका मुलीनं पुढं उभं राहून हातवारे करून दारं दाखवली, तेही आठवतं. त्यानंतर आठवतं ते कानातलं दुखणं. कुणी गिरमिट घालून फिरवावं तसं उजव्या कानात. मी ओरडून जागा झालो. चाकं जमिनीला लागत होती.

"बेळगाव आलं," बायको म्हणाली.

माझ्या आयुष्यातलं पहिलं विमान. ढग, खालची शेतं, नद्या, बागेतल्या म्हाताऱ्यांनी जे जे बघून या म्हणून सांगितलं होतं, ते सगळं माझ्या शेजारी बसून बायकोनं बघितलं. माझ्या अंगावरून वाकून बघितलं, असं ती सांगते.

भाऊ टेम्पो घेऊन आलाच होता. मुलगी येणार नाही हे त्याला फोनवर कळवलं होतं, पण टेम्पो ठरलेला आणि माणसं तयार झालेली, म्हणून सगळी आली. दोन्ही कान बंद. सगळे बोलत होते आणि मला पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीच्या मांडवात जेवणं चालली होती, तेव्हा भाऊ चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, आणि तेवढं बरोबर ऐकू आलं, "काय गा दादा, सर्दी झाली म्हणून लेकीनं विमान सोडलं म्हणे? आम्ही सर्दी झाली म्हणून ऊस तोडायचा सोडला असता तर हे घर झालं असतं काय?"

लोक हसले. मी हातातला घास खाली ठेवला.

"ऊस तोडताना तुझ्या मागं कोण बसलेलं असतं रे?" मी म्हटलं. कान बंद असल्यामुळं माझा आवाज किती चढला ते मला कळत नव्हतं. सगळा मांडव वळून बघायला लागला. "तिच्या मागं माणसं बसलेली असतात. बायका-पोरं असतात. मी काल प्रवाशासारखा नुसता बसलो होतो, एक गोळी खाल्ली तर बेळगाव आलेलं कळलं नाही, आणि उतरताना कान असा ठणकला की स्वतःचं नाव सांगता आलं नसतं. त्या जागी ती असती तर? मशीनवर उभं राहायच्या आधी ज्याला कळतं की आज आपण उभं राहू नये, तोच खरा ऑपरेटर. आजपर्यंत डाव्या खुर्चीत बसलेला आपल्या घरात कोण आहे? आहे कुणी? मग जेव गप्प."

भाऊ म्हणाला, "ओरडतंस कशाला, दादा? जिलेबी घे की." आणि पानात जिलेबी वाढली. त्याच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. बायको माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी तिनं मुलीला फोन लावला आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. झोपेचं आधी, मांडवातलं नंतर. मग फोन माझ्या हातात दिला. चांगला कान कुठला हे ठरवायला मला वेळ लागला.

"झोपलात म्हणे?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता.

"कान दुखतोय," मी म्हटलं.

ती हसली नाही. कुठला कान, पाणी येतंय का, रक्त दिसलं का, सगळं विचारलं. उद्या तिथल्या कानाच्या डॉक्टरला दाखवा म्हणाली. मग म्हणाली, "परतीचं तिकीट परवाचं आहे. कान मोकळा झाल्याशिवाय विमानात बसू नका. बसनं या."

"बसनं येणार नाही. आणि परवाच्या विमानातही बसणार नाही."

"मग?"

"तू बरी हो. बेळगावचं विमान तुझ्या वाट्याला येऊ दे. तोवर मी इथंच आहे."

तिनं आधी नाक शिंकरलं. मग म्हणाली, "अण्णा, कधी येईल सांगता येत नाही."

"येईल तेव्हा येईल. मला कुठं कामावर जायचंय?"

बायको कपाळाला हात लावून बसली. पण तिकीट रद्द झालं आणि आम्ही राहिलो. डॉक्टरनं कानात बॅटरी मारून पाहिलं, पडदा सुजलाय पण फाटलेला नाही म्हणाला. मुलीनं मला फोनवर एक शिकवलं होतं. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि आतल्या आत हळूच फुंकायचं. जोर करायचा नाही. कान मोकळे असतील तर टक् असा आवाज येतो. ती तिकडं तेच करत होती आणि रोज सकाळी आम्ही एकमेकांना विचारत होतो.

"उघडला?"

"डावा उघडला. तुझे?"

"माझे दोन्ही. पण कंपनीच्या डॉक्टरनं बघायचं आहे."

"मग बघू दे. घाई करू नकोस."

हे मी म्हणत होतो. बायको भांडी लावता लावता ऐकत होती.

आमच्याकडून सर्दी भावाला लागली. एका सकाळी तो माझ्या खाटेपाशी आला आणि म्हणाला, "दादा, ती सर्दीची गोळी उरलीय म्हणे एक. दे की." मी विचारलं, आज गाडी चालवायची आहे का. तो म्हणाला, होय की, मोटरसायकलवरून रंगाचा डबा आणायला जायचंय. मी म्हटलं, मग मिळणार नाही. तो हसत बसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी गोळी दिली नाही. रंग दुसऱ्या दिवशी आला.

मुलगी बरी झाली, तिच्या डॉक्टरनं होकार दिला, आणि काही दिवसांनी तिला बेळगावचं विमान मिळालं. माझा उजवा कान तोवर उघडला होता. निघताना भावजयीनं बायकोच्या हातात प्रवासात मळमळू नये म्हणून गोळ्या ठेवल्या. मी त्या परत तिच्या हातात दिल्या. म्हटलं, चालवणारीनं काही घेतलेलं नाही, बसणाऱ्याला कशाला पाहिजे?

विमानात मी खिडकीशी बसलो आणि डोळे उघडे ठेवले. छतातून मुलीचा आवाज आला. आधी इंग्रजी, मग हिंदी. हवा कशी आहे, बंगळूर कधी येईल, असलंच काही. शेजारचा माणूस मोबाइल बघत होता, त्यानं मान वर केली नाही. मी त्याला कोपरानं ढोसून सांगितलं, कॅप्टन माझी मुलगी आहे. त्यानं "अच्छा" म्हटलं आणि परत मोबाइल. ढग बघितले. कापसासारखे असतात म्हणतात, मला तसे वाटले नाहीत, कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या वाफेसारखे वाटले. उतरताना मी आवंढे गिळत राहिलो. कान टक् टक् करत उघडत गेले.

सगळे उतरेपर्यंत मी जागेवर बसून राहिलो. मग पुढं गेलो. ती विमान चालवायच्या खोलीच्या दारात उभी होती, टोपी काखेत, खांद्यावर पट्ट्या. आमच्या घरात ती अशी कधी उभी राहत नाही.

"काय अण्णा, झोप झाली?" ती म्हणाली.

"डावीकडंच बसली होतीस ना?"

"डावीकडंच."

"सरी," मी म्हटलं.

तिनं बाजूला होऊन मला आतली खुर्ची दाखवली. साधीच होती, आमच्या प्रेसच्या स्टुलापेक्षा थोडी बरी. हात लावू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली, आणि मी लावला नाही. मागून झाडू घेऊन सफाईच्या बायका आत आल्या होत्या. बायकोनं माझ्या पाठीत बोट खुपसलं, म्हणून उतरलो.